इस्माईल, गाडी कोल्हारला नेली

इस्माईल, तिसरा प्लग शेवटी निघाला. बाकीचे तीन रडतखडत आले, पण तिसऱ्याने माझा जो अंत पाहिला तो मी कुणाला सांगू? हे सांगण्यासारखा माणूस एकच होता, आणि त्याला कब्रस्तानात पोचवून आता चाळीस दिवस होऊन गेले. म्हणून लिहितो आहे.

तुझ्याविषयी जे बोलायचं ते शाळेच्या शोकसभेत बोलून झालं. ‘इस्माईल मास्तर हे उर्दू शाळेचे भूषण होते, अत्यंत शांत आणि मनमिळाऊ होते.’ शांत! मी मागच्या बाकावर बसलो होतो. हसू आलं ते रुमालात दाबलं. शेजारच्याला वाटलं मी रडतो आहे, त्याने पाठीवर हात ठेवला. मग खरंच रडू आलं. तुझ्या शांतपणाचे किस्से मला उठून सांगता आले असते, पण सभा तुझी होती, म्हणून गप्प राहिलो.

मला फक्त आपल्या गाडीविषयी बोलायचं आहे.

लढाई सुरू होण्याआधी कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा ती आपण दोघांनी मिळून घेतली. एकट्याने घेण्याची ऐपत ना मालधक्क्यावरच्या कारकुनाची होती, ना उर्दू शाळेच्या मास्तराची. तुझं घर आणि माझं घर यांच्या मधल्या बोळात पत्र्याची शेड घातली. कामाची वाटणीही पहिल्याच दिवशी झाली. टायर, पेट्रोल, पुढे लढाईत कुपनं आली ती, कधी काय बदललं याची यादी, हे माझं. बॉनेटच्या आतलं सगळं तुझं. मी एकदा आत वाकून बघितलं तर म्हणालास, “गोविंदराव, तुम्ही मालगाडीचे डबे मोजा. इंजिनाला हात लावू नका.” ‘गोविंदराव’ म्हणालास की समजायचं, मास्तर चिडले. एरवी मी ‘गोविंदा’.

यादी हा आपल्या भांडणाचा कायमचा विषय. मी लिहायचो, प्लग चारही एकदम बदलावेत, वायरी त्यांच्याबरोबर. तू म्हणायचास, जो बिघडेल तो बघू, बाकीच्यांनी काय गुन्हा केलाय? माल मिळेनासा होण्याआधी मी नव्या प्लगांचा एक संच घेऊन तेलकट कागदात गुंडाळून कपाटात ठेवला होता. तू तो उघडू दिला नाहीस. “लढाई संपू दे, मग नवे लावू. तोवर हे घासून चालतील.” आणि दर रविवारी सकाळी तू शेडमध्ये हजर. प्लग काढायचे, पत्र्याने काजळी खरवडायची, पोस्टकार्ड दुमडून टोकांमधली फट बघायची, पुन्हा लावायचे.

“अरे, गाडी महिन्यातून एकदा बाहेर पडते,” मी म्हणायचो. “दर आठवड्याला प्लग काढून आटे झिजतील.”

“झिजू दे. तू वाटी धर.”

मी समोर स्टुलावर बसून निघालेले नट वाटीत ठेवायचो. तू वाकून काहीतरी पुटपुटत एकेका प्लगाला हात लावायचास. मला वाटायचं, दुवा म्हणतोस.

तुझ्या शाळेची सुट्टी शुक्रवारी, माझी रविवारी. रविवारी शाळा असायची, तरी शाळेआधी येऊन गाडीचं काम तू रविवारीच काढायचास. हे मला इतक्या वर्षांत खटकलं नाही. आता रविवार सकाळ आली की मी चहा करतो, एकट्यापुरता, आणि शेडकडे बघत पितो. सुमती गेली, माझा संसार संपला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात तुझं हे घासणं सुरू झालं होतं. त्याआधी प्लगांना वर्षभर कुणी विचारत नव्हतं. एवढं सगळं मनात जुळतं आहे, आणि ते तुझ्यासमोर म्हणून दाखवायची सोय राहिली नाही. म्हणालो असतो तर तूही “चल, नट मोज” एवढंच म्हणाला असतास.

तुझ्यावर माझा राग अजून आहे, तोही सांगून टाकतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी तू आजारी पडलास आणि त्याच सुमाराला तिकडे कोल्हारला अम्मा अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आई तिकडे खाटेवर, मुलगा इकडे खाटेवर. तू पत्र लिहिलंस, नुसता ताप आहे, उतरला की येतो. ताप उतरत नव्हता. मी डॉक्टरांचा चेहरा बघितला आणि तुला न विचारता अम्मांना खरं ते कळवलं. त्यांचा निरोप आला, गाडी पाठवा, मी येते. मी रेल्वेचा माणूस, पण राहुरीपर्यंत बैलगाडी आणि मग आगगाडीचा डबा हे त्या हाडाला झेपणारं नव्हतं. सर्व्हिस मोटारीची पायरी चढणं तर दूरच. त्यांना आडवं निजवून आणायचं तर आपलीच गाडी, आणि गाडी तेव्हा एकदा फुरफुरून बंद पडली होती.

मी शेडमध्ये जाऊन बॉनेटची एक बाजू उचलली. बिजागरी करकरली आणि तुझ्या खिडकीतून आवाज आला. उठून बसायची ताकद नव्हती, पण ओरडायची होती.

“कोण आहे? गोविंदा, हात लावू नको!”

“डेपोतला मिस्त्री बोलावतो.”

“परका हात लावायचा नाही माझ्या गाडीला. मी उठतो ना.”

“कधी उठतोस? अम्मा वाट बघताहेत.”

“मी आणणार तिला. मी म्हणजे मी. तिला काय असला दाखवू?”

तेव्हा मला कळलं, तुला बिघाडाचं काही नव्हतं. आईला दिसायचं तर चालता-बोलता, स्टेअरिंगवर बसलेला दिसायचं होतं. मी बॉनेट खाली घेतलं आणि तुला म्हणालो, तू हट्टी आहेस. तू म्हणालास, आणि तू यादीवाला. पुढचे दोन-तीन दिवस आपण एकमेकांकडे बघितलं नाही. मग बघितलं, पण तोवर तुला फारसं बोलता येत नव्हतं. हे भांडण मी मिटवलेलं नाही, इस्माईल. अजूनही वाटतं, तुझं चुकलं. मिस्त्री आला असता तर अम्मा आल्या असत्या. त्या आल्या नाहीत. तुला माती दिली तेव्हा कोल्हारला नुसती खबर निघाली होती.

अम्मांचा दुसरा निरोप तुझ्यानंतर आला. एकच वाक्य होतं त्यात: ‘चाळिसाव्या दिवसाच्या आत मला त्याची जागा दाखवा.’

भाभींना बाहेर पडायचं नव्हतं. नवरा गेल्यावर इद्दत पाळायची, चार महिन्यांवर घराचा उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. आमचं बोलणं दाराच्या पडद्याआडून. “भाईसाब, अम्मांना कोण आणणार?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “मी आणतो.” म्हणून बसलो आणि घरी येऊन यादी केली.

पावसाळाभर कुणी हात न लावलेल्या प्लगांची काय अवस्था होते, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. वायरींचं रबर वाळून प्लगच्या डोक्याला असं चिकटलं होतं, की ओढल्यावर वायर हातात आणि तिचं टोक तिथेच. बसलेल्या धुळीवर सायकलचा पंप मारला, म्हणजे काढताना खडा आत पडू नये. मुळाशी रॉकेल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी पाना लावला. पहिला करकरत फिरला. दुसरा आणि चौथा पान्याला नळीचा तुकडा अडकवून जोर लावल्यावर आले. तिसरा ढिम्म. जास्त जोर लावावा तर चिनी मातीचा भाग फुटेल, आटा आत तुटून राहील, मग कोल्हार विसरा. तू असतास तर काय केलं असतंस, असा विचार करत बसलो आणि तू शिव्या दिल्या असत्यास एवढंच आठवलं. पुन्हा रॉकेल. दुपारी जेवण करून आलो. उलट न फिरवता आधी अगदी किंचित घट्ट केला, मग सैल, मग घट्ट. एकदा ‘कट’ असा आवाज झाला, मी डोळे मिटले. तुटला असं वाटलं. तुटला नव्हता. सुटला होता.

मी वर बघितलं, समोरच्या स्टुलावर कुणी नव्हतं. अर्थात नव्हतं, स्टुलावर मीच बसायचो. इतकी वर्षं मी त्या बाजूला होतो, आणि तिथून ही शेड एवढी रिकामी कधी दिसली नव्हती.

तेलकट कागद उघडला. लढाई संपलेली नाही, पण मी नवे प्लग लावले. स्टेशनजवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून जाड रबराची वायर मिळाली, शेवटचा तुकडा. जुन्या वायरींना तू चिंध्या बांधून ठेवल्या होत्यास, एकीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा चारपर्यंत. मी त्याच लांबीच्या नव्या कापल्या, त्याच गाठी बांधल्या. डिस्ट्रिब्यूटरच्या काळ्या टोपीवर कुठली गाठ कुठे येते ते खडूने लिहून घेतलं होतं. इंजिनापुढच्या पंख्याच्या बाजूने मोजत गेलो, एक, दोन, तीन, चार. प्रत्येक वायर आपापल्या जागी नेमकी पोचली. कुठे ताण नाही, कुठे झोळ नाही. मनात म्हटलं, बघ, यादीवाल्याने करून दाखवलं.

पुढे जाऊन हँडल मारलं. ‘फाट्’ करून असा बार उडाला, की शेडवरची कबुतरं उडाली आणि हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं. पुन्हा मारलं. पुन्हा बार. कार्बोरेटरमधून ठिणग्यांसकट धूर. प्लग नवे, वायरी नव्या, पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती. यादीतली प्रत्येक ओळ खोडून झाली होती आणि गाडी सुरू होत नव्हती. चाळिसावा दुसऱ्या दिवशी होता.

मी तिथेच जमिनीवर बसलो. रडलो नाही, मनगट दुखत होतं. आतून पडद्यामागून आवाज आला, “भाईसाब, काय फुटलं?”

“काही नाही, भाभी. गाठी बघून लावल्या, तरी उलटं पेटतंय.”

“कुठल्या गाठी?”

मी सांगितलं. पंख्याकडून एक, दोन, तीन, चार.

मग त्या म्हणाल्या, “ते पंख्याकडून नव्हते मोजत.”

“म्हणजे?”

“मला चुलीपाशी बसून खिडकीतून दिसायचं ना. दर इतवारी. ते असे उभे राहायचे आणि उजव्या हाताने सुरू करायचे. स्टेअरिंगच्या बाजूने. अलिफ, बे, पे, ते. पंख्यापाशी आले की शेवटचं अक्षर, ‘ते’.”

मी उठून तू उभा राहायचास तिथे उभा राहिलो. गाडीचं तोंड डावीकडे, स्टेअरिंग उजवीकडे. जन्मभर फळ्यावर उजवीकडून लिहीत आलेला माणूस चार प्लगांपुढे उभा राहिला, तर आणखी कुठून सुरुवात करणार? आणि जन्मभर मालाच्या पावत्या डावीकडून भरत आलेला माणूस तरी आणखी कुठून? दुवा नव्हतास म्हणत, मोजत होतास. टोपी बरोबर मधोमध, म्हणून टोकाच्या दोन वायरी सारख्या लांबीच्या आणि मधल्या दोन सारख्या. उलट लावूनही सगळ्या झकास बसल्या, म्हणून मला शंका आली नाही. म्हणजे ज्या तिसऱ्याशी मी दिवसभर झुंजलो, तो तुझ्या हिशेबात दुसराच होता. इतक्या वर्षांत आपण एकाच इंजिनाच्या दोन टोकांना उभे राहून मोजत होतो आणि कधी वाद झाला नाही. वाद झाला नाही असा आपल्यातला हा एवढाच विषय असेल.

वायरी बदलल्या. हँडलच्या दुसऱ्याच फेरीला इंजिनाने धरलं आणि गाडी बोलायला लागली. तुझ्या घराच्या दाराआड भाभी जोरात रडल्या. तो आवाज ऐकायची त्यांना सवय होती, आणि तो ऐकू आल्यावर कोण आत येतं त्याचीही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. विळद घाटात गाडी तापेल अशी भीती होती, तापली नाही. राहुरीच्या पुढे लष्कराच्या लॉऱ्यांची रांग लागली, ती जाईपर्यंत कडेला थांबलो, पण इंजिन चालूच ठेवलं. तू असतास तर पेट्रोल जळतं म्हणून मी ओरडलो असतो.

अम्मा तयार होऊन पडून होत्या. शेजारच्या चौघांनी गोधडीसकट उचलून त्यांना मागच्या सीटवर निजवलं. मी पुढे बसलो, तशा त्या म्हणाल्या, “गोविंदा, तुला चालवता येती का रं? इस्माईल सांगायचा, तू गाडी मोजतो, चालवत न्हाईस.”

“हळू चालवतो, अम्मा.”

“हळूच चालव. लई वर्सं वापरून मोडलेली हाडं हायती.”

वाटेत त्यांनी तुझ्याविषयी काही विचारलं नाही. पाणी मागितलं, एकदा ऊन झाकायला सांगितलं. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि तुझं नाक दिसत होतं. नगर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, “घरी मागून जाऊ. आदी तिकडं.”

“अम्मा, बायका आत...”

“मला म्हाईत हाय. मी आत यायची न्हाई. भिंतीकडंनं दाव.”

कब्रस्तानाची मागची भिंत एका ठिकाणी ढासळून कंबरेएवढी राहिली आहे. तिथे गाडी पुढे-मागे करत मी अशी लावली, की मागची खिडकी बरोबर त्या खिंडारासमोर येईल. काच खाली केली. पाठीमागे हात घालून त्यांना थोडं वर उचललं. सुपारीएवढा जीव, पण दुखण्याने श्वास अडकला, तरी आवाज काढला नाही.

“कुटला?”

“ती बाभळ आहे ना, तिच्या अलीकडचा. फुलं दिसतात बघा, सकाळी शाळेतले लोक येऊन गेले असतील.”

त्या बघत राहिल्या. डोळ्यांवर हात धरून, शेतात लांब कुणी येताना दिसतंय का बघावं तसं. इंजिन चालू होतं. एव्हाना मनगट सुजून हँडल धरता येत नव्हतं. एकदा बंद झालं तर पुन्हा सुरू कसं करायचं, हे माझ्या कुठल्याही यादीत नव्हतं.

“गोविंदा, ते बंद कर की.”

“अम्मा, बंद केलं तर पुन्हा सुरू होईल का सांगता येत नाही. घरी सगळे फातेहा पढायला थांबलेत.”

“थांबू दे. ह्या गलक्यात त्याला माजं काय ऐकू येनार हाय?”

मी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा हिसका देऊन गप्प झालं. मी गोधडीची घडी त्यांच्या पाठीशी लावली, खाली उतरलो, रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि पाठ करून उभा राहिलो.

अम्मा बोलत होत्या. बराच वेळ बोलत होत्या. मधे एकदा हसल्यासारखा आवाज आला, एकदा रागावल्यासारखा. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते, आणि मीही त्यांच्या मागे गेलो नाही. त्या काय म्हणाल्या ते तुला माहीत.